फिलिबस्टर: बहुमत हातात असूनही अमेरिकेत विधेयक का अडतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अमेरिकेचं सरकारी कामकाज ४३ दिवस ठप्प होतं. व्हाइट हाउस आणि संसदेची (तिथे तिला 'काँग्रेस' म्हणतात) दोन्ही सभागृहं, म्हणजे सिनेट आणि प्रतिनिधिगृह, तिन्ही रिपब्लिकन पक्षाकडे. तरी खर्चाचं विधेयक मंजूर होईना. मग घोडं अडलं कुठे, असं अनेकांनी विचारलं. ते अडलं सिनेटमधल्या 'फिलिबस्टर'पाशी. त्याबद्दलचे नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

फिलिबस्टर म्हणजे नेमकं काय?

सिनेटमध्ये चर्चा संपल्याशिवाय विधेयक मताला टाकता येत नाही, आणि चर्चा संपवणं साध्या बहुमताच्या हातात नाही. सगळी गोम इथे आहे. सिनेटचे सदस्य १००. विधेयक मंजूर व्हायला ५१ मतं पुरतात, पण चर्चा थांबवून त्या मतदानापर्यंत पोचायचं तर ६० लागतात. चर्चा थांबवण्याच्या ठरावाला 'क्लोचर' म्हणतात. म्हणजे ४१ सिनेटर एकत्र राहिले तर ५९ जणांचं विधेयक ते कितीही काळ लटकत ठेवू शकतात.

आपल्याकडे 'चर्चेचं गुऱ्हाळ' म्हणतात. फिलिबस्टर म्हणजे नियमांच्या आधाराने चालवलेलं असं गुऱ्हाळ, ज्यातून रसाचा थेंबही निघू नये हाच चालवणाऱ्याचा हेतू असतो.

हा विचित्र शब्द आला कुठून?

समुद्री लुटारूंकडून. मूळ डच शब्द, तो स्पॅनिशमध्ये 'फिलिबुस्तेरो' झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर काही अमेरिकी लोक खासगी फौजा जमवून मध्य अमेरिकेतले देश बळकावायला निघत, त्यांना हे नाव पडलं. त्यांच्यातला विल्यम वॉकर तर १८५६ मध्ये निकाराग्वाचा राष्ट्राध्यक्षच होऊन बसला होता. पुढे सभागृहाचा वेळ लुटणाऱ्यांनाही लोक तेच म्हणू लागले.

अमेरिकेच्या घटनेत याची तरतूद आहे का?

नाही. तरीही 'घटनाकारांनी अल्पमताच्या रक्षणासाठी केलेली सोय' असं सिनेटर छातीठोकपणे सांगतात, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

दोन तृतीयांश मतं कुठे लागतील हे घटनेत नावानिशी दिलं आहे: परराष्ट्र करार, महाभियोगात दोषी ठरवणं, राष्ट्राध्यक्षाचा नकाराधिकार उलटवणं, सदस्याची हकालपट्टी, घटनादुरुस्ती. साध्या विधेयकांचं नाव त्या यादीत नाही. त्याआधीच्या राज्यसंघात महत्त्वाच्या निर्णयांना १३ पैकी ९ राज्यांची संमती लागायची आणि कामं रखडायची. तो अनुभव ताजा होता. घटनाकारांपैकी एक असलेल्या अलेक्झांडर हॅमिल्टनने तर असल्या वाढीव बहुमताविरुद्ध स्पष्ट लिहून ठेवलं आहे: त्यामुळे मूठभरांच्या हाती सगळ्यांची नाडी जाते.

मग हे आलं कसं? चक्क साफसफाईतून. सुरुवातीच्या सिनेटमध्ये चर्चा थांबवून मत घेण्यासाठी वापरता येईल असा एक नियम होता. १८०५ मध्ये मावळते उपाध्यक्ष आणि त्या नात्याने सिनेटचे अध्यक्ष ॲरन बर (आदल्याच वर्षी द्वंद्वात हॅमिल्टनचा जीव घेणारे तेच) निरोपाच्या भाषणात म्हणाले की नियमांचं पुस्तक फार पसरट झालंय, हा नियम तर कुणी वापरतही नाही. १८०६ मध्ये नियम गाळला गेला. अडगळ आवरताना कुलूपच फेकून दिलं, तसं झालं. आता दार बंद करता येत नाही, हे कुणाच्या लक्षात यायलाही वेळ गेला. ठरवून केलेली अडवणूक १८३० च्या दशकाच्या अखेरीपासून दिसू लागते.

प्रतिनिधिगृहात असं का होत नाही?

तिथेही अडवणुकीच्या युक्त्या होत्या. हजर असलेले सदस्य नाव पुकारल्यावर गप्प बसत आणि गणसंख्या भरू देत नसत. १८९० मध्ये सभापती थॉमस रीड यांनी गप्प बसलेल्यांनाही हजर धरायला सुरुवात केली आणि तो खेळ संपला.

६० हा आकडा कुठून आला?

१८०६ नंतर १९१७ पर्यंत चर्चा जबरदस्तीने थांबवण्याचा मार्गच नव्हता. त्या वर्षी पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर वुड्रो विल्सन यांना व्यापारी जहाजांवर तोफा बसवण्याची परवानगी हवी होती. डझनभर सिनेटरांनी अधिवेशनाची मुदत संपेपर्यंत ते विधेयक अडवून धरलं. विल्सन भडकले आणि आपल्याखेरीज कुणाचंच मत न मांडणारी ही मूठभर हट्टी माणसं, अशा शब्दांत त्यांनी त्यांना झोडपलं. चारच दिवसांत, ८ मार्चला, सिनेटने ७६ विरुद्ध ३ मतांनी क्लोचरचा नियम केला. हाच प्रसिद्ध 'बाविसावा नियम'. तेव्हा अट होती मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांशाची. १९७५ मध्ये ती एकूण सदस्यांच्या तीन पंचमांशावर, म्हणजे ६० वर आली.

मग सिनेटर आता तासन्‌तास उभं राहून बोलताना का दिसत नाहीत?

कारण तशी गरजच उरलेली नाही. माझ्या मते या विषयातली सगळ्यात कमी माहीत असलेली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच.

पूर्वी एखाद्याने भाषण लावून धरलं की सिनेटचं सगळंच काम थांबायचं. अडवणाऱ्याला पाय दुखेपर्यंत उभं राहावं लागे, घसा बसे, वर लोकांच्या शिव्या खाव्या लागत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सिनेटमधले बहुमताचे नेते माइक मॅन्सफील्ड यांनी एक व्यवहारी तोडगा काढला: अडलेलं विधेयक एका रुळावर उभं करायचं आणि बाकीचं काम दुसऱ्या रुळावरून चालू ठेवायचं. हेतू चांगलाच होता. पण त्यामुळे अडवणाऱ्याचा त्रास शून्यावर आला. पक्षाच्या कार्यालयाने 'आमचा विरोध आहे' एवढं कळवलं की पुरे. नेता ६० मतं मोजतो, भरत नसतील तर विधेयक बाजूला ठेवतो. सभागृहात कुणी तोंडही उघडत नाही.

वर क्लोचरची प्रक्रियाही वेळखाऊ. १६ सिनेटरांच्या सह्यांचा अर्ज द्यायचा, मध्ये एक दिवस जाऊ द्यायचा, मग मतदान. ६० मिळाली तरी पुढे आणखी ३० तासांपर्यंत चर्चा. हे सगळं कधी कधी दोनदा: एकदा विधेयक चर्चेला घ्यावं का यासाठी, आणि मग विधेयकासाठी. एका विधेयकामागे आठवडा सहज जातो. सिनेटच्या नेत्याकडे सगळ्यात तुटपुंजी चीज असते वेळ, आणि अडवणारा नेमकी तीच खातो.

परिणाम आकड्यांत दिसतो. १९१७ ते १९७० या अर्ध्या शतकाहून मोठ्या काळात क्लोचरचे अर्ज साठच्या आसपास आले. २०१३-१४ या एकाच काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या एका कार्यकाळाच्या, दोन वर्षांत आले २५२. अडवणूक महाग होती तोवर लोक ती जपून वापरत. फुकट झाली आणि रोजची झाली.

सगळ्यात लांब भाषण कुणाचं?

२४ तास १८ मिनिटं, हा विक्रम १९५७ पासून साउथ कॅरोलायनाच्या स्ट्रॉम थर्मंड यांच्या नावावर होता. नागरी हक्क कायद्याविरुद्ध ते बोलत होते आणि मध्येच वेगवेगळ्या राज्यांचे निवडणूक कायदे वाचून दाखवत होते. एवढं करून विधेयक त्यांच्यानंतर दोनेक तासांत मंजूर झालं. ३१ मार्च २०२५ च्या संध्याकाळी न्यू जर्सीचे कृष्णवर्णीय सिनेटर कोरी बुकर उभे राहिले आणि २५ तास ५ मिनिटं बोलून त्यांनी तो मोडला. वंशभेदाच्या कट्टर समर्थकाचा विक्रम त्यांनी मोडावा, याचा आनंद पुष्कळांना झाला. पण बुकर कोणतंच विधेयक अडवत नव्हते. तो ट्रम्प प्रशासनाविरुद्धचा निषेध होता. काटेकोर अर्थाने ते फिलिबस्टर नव्हे.

विषयाला धरून बोललंच पाहिजे असं बंधन जवळजवळ नाहीच. लुइझियानाचे ह्यूई लाँग १९३५ मध्ये साडेपंधरा तास बोलले, त्यात त्यांनी तळलेल्या कालवांची पाककृतीही सांगितली.

फिलिबस्टरचं नाव वंशभेदाशी का जोडलं जातं?

कारण त्याचा सर्वांत चिवट वापर त्यासाठी झाला. कृष्णवर्णीयांना जमावाने फासावर लटकवण्याच्या प्रकारांना 'लिंचिंग' म्हणत. त्याविरुद्धचं विधेयक १९२२ मध्ये प्रतिनिधिगृहाने मंजूर केलं, सिनेटमध्ये दक्षिणेकडच्या सदस्यांनी ते गाडलं. १९३५ आणि १९३८ मध्येही तेच. २००५ मध्ये सिनेटने याबद्दल रीतसर माफी मागितली. लिंचिंगविरोधी संघीय कायदा मात्र व्हायला २०२२ चा मार्च उजाडला. पहिल्या अडवणुकीपासून तब्बल शंभर वर्षं!

१९६४ च्या नागरी हक्क विधेयकाची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. फेब्रुवारीत प्रतिनिधिगृहाने ते २९० विरुद्ध १३० मतांनी मंजूर केलं. सिनेटमध्ये जॉर्जियाच्या रिचर्ड रसेल यांच्या नेतृत्वाखाली दक्षिणेच्या गटाने मोर्चा बांधला. सिनेटचे ६० कामकाजाचे दिवस त्या एका विधेयकापायी गेले. सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्षातच फूट होती, कारण अडवणारे बहुतेक त्याच पक्षाचे. म्हणून डेमोक्रॅट सिनेटर ह्यूबर्ट हम्फ्री यांनी रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन यांची मनधरणी केली, मसुद्यात त्यांच्या दुरुस्त्या घेतल्या आणि त्यांच्यामार्फत मतं जोडली.

१० जूनच्या सकाळी वेस्ट व्हर्जिनियाचे रॉबर्ट बर्ड १४ तासांहून जास्त बोलून खाली बसले आणि नावं पुकारायला सुरुवात झाली. ६७ मतं हवी होती. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल यांना मेंदूच्या गाठीमुळे बोलता येत नव्हतं, त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. त्यांचं नाव आलं तेव्हा त्यांनी कसाबसा हात उचलून स्वतःच्या डोळ्याकडे बोट दाखवलं. इंग्रजीत 'डोळा' आणि 'होय' या दोन्हींचा उच्चार 'आय' असाच होतो. ते होकाराचं मत धरलं गेलं. निकाल ७१ विरुद्ध २९. नागरी हक्कांच्या विधेयकावरची अडवणूक क्लोचरने मोडण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्याच महिन्यात एंगल वारले.

बराक ओबामांनी २०२० मध्ये नागरी हक्क चळवळीचे नेते जॉन लुईस यांच्या अंत्यविधीत फिलिबस्टरला वंशभेदी राजवटीचा अवशेष म्हटलं, त्यामागे हा इतिहास होता. ओबामा स्वतः सिनेटर असताना त्यांनी हे हत्यार वापरलं होतं, ही गोष्टही त्यांच्या विरोधकांनी लगेच आठवून दिली.

६० मतांना वळसा घालता येतो का?

येतो. सगळ्यात मोठी पळवाट म्हणजे 'रिकन्सिलिएशन'. १९७४ च्या अर्थसंकल्प कायद्याने खर्च आणि करांच्या जुळवाजुळवीसाठी एक वेगळी वाट दिली. त्यात चर्चा २० तासांवर बांधलेली असते, त्यामुळे फिलिबस्टर शक्यच नाही. आज अमेरिकेतली बहुतेक मोठी एकपक्षीय विधेयकं याच बोळातून बाहेर पडतात: २०१७ ची करकपात, २०२१ चं कोविड मदत पॅकेज, २०२२ चा हवामान आणि औषधांच्या किमतींचा कायदा, जुलै २०२५ चं ट्रम्प यांचं 'वन बिग ब्यूटिफुल बिल'. शेवटची दोन्ही तर ५०-५० अशा बरोबरीत उपाध्यक्षांच्या मताने तरली.

बोळ अरुंद मात्र आहे. ज्या कलमाचा सरकारी जमाखर्चाशी खरा संबंध नाही, ते विधेयकातून गळतं. याला 'बर्ड नियम' म्हणतात, वर आलेल्याच रॉबर्ट बर्ड यांच्या नावाने. कोणतं कलम टिकेल याचा सल्ला पार्लमेंटेरियन देतात, सिनेटच्या नियमांच्या जाणकार अधिकारी. २०२१ मध्ये एलिझाबेथ मॅकडोनो यांनी तासाला १५ डॉलर किमान वेतनाची तरतूद यात बसत नाही असं सांगितलं आणि ती गेली. निवडून न आलेली एक व्यक्ती नियमपुस्तक वाचते आणि लाखो कामगारांचा पगार त्यावर अडतो. दोष त्यांचा नाही. सरळ रस्ता बंद केला की बोळाच्या पहारेकऱ्याला महत्त्व येणारच.

'न्यूक्लिअर ऑप्शन' हा काय प्रकार?

नियम रीतसर बदलायला मोठं बहुमत लागतं. पण 'नियमाचा अर्थ असा आहे' असं ठरवायला साधं बहुमत पुरतं. पीठासीन अधिकारी निर्णय देतो, त्याला आव्हान दिलं जातं, ५१ जण तो उलटवतात आणि नवा पायंडा पडतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये डेमोक्रॅट नेते हॅरी रीड यांनी असंच करून सर्वोच्च न्यायालय सोडून बाकी नेमणुकांवरची ६० ची अट काढली. एप्रिल २०१७ मध्ये रिपब्लिकन मिच मॅकॉनेल यांनी सर्वोच्च न्यायालयही त्यात घेतलं, नील गोर्सच यांच्या नेमणुकीसाठी. न्यायाधीशांच्या निवडीतली मतं तेव्हापासून पन्नाशीच्या आसपास घुटमळतात.

फायदा कुणाचा होतो?

जो पक्ष त्या वेळी विरोधात असेल त्याचा. म्हणून तत्त्वं खुर्चीबरोबर सरकतात. एप्रिल २०१७ मध्ये विधेयकांवरचं फिलिबस्टर जपावं अशा पत्रावर ६१ सिनेटरांनी सह्या केल्या, त्यात कमला हॅरिसही होत्या. पाच वर्षांनी त्यांच्याच पक्षाने मतदान हक्कांच्या विधेयकासाठी ते वाकवायचा प्रयत्न केला. जानेवारी २०२२ मध्ये तो ४८ विरुद्ध ५२ असा पडला, कारण जो मँचिन आणि कर्स्टन सिनेमा या दोघांनी आपल्याच पक्षाला साथ दिली नाही.

त्यात राज्यांचं गणित वेगळं. २०२० च्या जनगणनेत वायोमिंगची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास, कॅलिफोर्नियाची जवळपास चार कोटी. सिनेटर दोघांचेही दोन-दोन. त्यावर ४१ जणांना नकाराधिकार मिळाला, की तो नकार देशाच्या किती लोकसंख्येचा आहे याला फारसा अर्थ उरत नाही. समर्थक म्हणतात, यामुळे दोन्ही पक्षांना एकत्र बसावं लागतं आणि दर निवडणुकीनंतर कायदे उलटेपालटे होत नाहीत. दुसरा मुद्दा मला पटतो. पहिला १९६४ मध्ये खरा होता. पण डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत वीस मुलं मारली गेल्यावर बंदूक खरेदीच्या पडताळणीचा प्रस्ताव आला. तो दोन्ही पक्षांच्या एकेका सिनेटरने मिळून तयार केला होता. त्याला ५४ मतं मिळाली आणि तरी तो पडला.

अमेरिकेतल्या मराठी माणसाशी याचा काही संबंध?

ग्रीन कार्डच्या रांगेत असाल तर थेट आहे. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांत एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा असते, म्हणून भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. ती मर्यादा काढणारं विधेयक १० जुलै २०१९ रोजी प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंत व्हॉट्सॲप ग्रुपांवर पेढे वाटून झाले.

सिनेटमध्ये माशी शिंकली. क्लोचरसाठी आठवडाभर वेळ द्यायला कुठलाच नेता अशा विधेयकावर तयार नसतो. म्हणून 'कुणाची हरकत नाही ना?' असं विचारून एकमताने मंजुरी घेण्याचा मार्ग धरला जातो. तिथे एकाची हरकतही पुरते. रिपब्लिकन माइक ली विधेयक पुढे आणत राहिले. कधी त्यांच्याच पक्षातून हरकत आली, कधी डेमोक्रॅट डिक डर्बिन यांच्याकडून. तडजोडी होत होत २ डिसेंबर २०२० रोजी सिनेटने ते एकमताने मंजूर केलं, पण तोवर मसुदा बदलला होता. दोन्ही सभागृहांचं जुळायच्या आत काँग्रेसची मुदत संपली आणि विधेयक मेलं. त्याला आडवं यायला कुणालाही रात्रभर भाषण करावं लागलं नाही.

भारतीय संसदेत असं होऊ शकतं का?

नाही. कोणत्या विषयाला किती वेळ हे आधी ठरतं, आणि घंटी वाजवून सदस्याला खाली बसवण्याचा अधिकार पीठासीन अधिकाऱ्याकडे असतो. अर्थसंकल्पी मागण्यांवरची चर्चा तर ठरल्या वेळी 'गिलोटिन' लावून कापली जाते. राज्यसभेने विधेयक अडवलंच तर संयुक्त बैठकीची सोय आहे, २००२ मध्ये 'पोटा' हा दहशतवादविरोधी कायदा तसाच मंजूर झाला. आपल्याकडे अडवणूक होते ती भाषणाने नाही, हौद्यात उतरून.

मग रिपब्लिकनांनी २०२५ मध्ये ते मोडून का टाकलं नाही?

ट्रम्प यांनी जाहीरपणे तेच सांगितलं होतं. त्यांच्या पक्षाकडे ५३ सिनेटर होते, न्यूक्लिअर ऑप्शनला तेवढे पुरले असते. खर्चाचं विधेयक डझनापेक्षा जास्त वेळा मताला आलं आणि ६० न भरल्याने पडत राहिलं. तरी बहुमताचे नेते जॉन थ्यून बधले नाहीत. आज ना उद्या आपण विरोधात बसणार, हे जुन्या सिनेटरांना पक्कं ठाऊक असतं. शेवटी ९ नोव्हेंबरच्या रात्री डेमोक्रॅटिक गोटातले आठ जण पलीकडे गेले आणि (एक रिपब्लिकन विरोधात गेल्यामुळे) आकडा बरोबर ६० झाला, एकही जास्त नाही.

बोलत असताना लघवीला जायचं झालं तर?

हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो, लाजू नका. नियम असा की बोलणाऱ्याने उभं राहायचं आणि सभागृह सोडायचं नाही. सोडलं की बोलण्याचा हक्क गेला. प्रश्न विचारू देण्याची मुभा असते, तेवढाच घशाला आराम. थर्मंड यांनी आधी वाफेचं स्नान घेऊन अंगातलं पाणी कमी केलं होतं, आणि त्यांचा सहायक शेजारच्या खोलीत बादली घेऊन तयार होता असं सांगतात. बुकर यांनी काही दिवस आधी जेवण सोडलं, आदल्या रात्रीपासून पाणीही. बसायचा मोह नको म्हणून खुर्ची तिथून हलवायला लावली.